तुरीचा दाणा

वाशीमला दाताच्या दवाखान्यात माझ्या शेजारी केशरबाई आणि त्यांचे यजमान ग्यानबा बसले होते. नंबर केशरबाईंचा होता.

“अवो, तोंडात कॅमेरा फिरवून बनवलेला चिनी मातीचा दात टिकीन काय?”

“माहा दात पाच वर्षांपासून हायेच ना.”

“तुमी जपता त्याले. मी वर्षभर भाकर कुस्करून खाऊन राह्यली. मधातच तडकला त?”

“नाही तडकत.”

“तुमाले काय माईत?”

“तूर वाळली का नाही, ते दरसाली त्याच दातानं दाणा फोडून पायतो मी.”

“डॉक्टरनं कडक चावू नोका म्हणलं होतं! मले शब्द देल्ला होता तुमी!”

“हळू बोल, आत आयकू जाईन.”

“काहून सांगतलं नाही? उगाच भेत होती मी.”

आतून नाव पुकारलं. केशरबाई पदर सावरून उठल्या.

“बसवून घेते मी बी. पण औंदा तूर मी पायीन.”