डावी बाही

शर्टाच्या कारखान्याबाहेर बाकावर इस्त्रीवाले काका आपला नंबर लागायची वाट बघत बसले होते. इंटरव्ह्यू देऊन आलेली एक बाई शेजारी टेकली. लेक तिच्यासाठीच थांबली होती.

"काय विचारलं गं आई?"

"स्वतःबद्दल सांगा म्हणाले."

"मग?"

"तुझं कॉलेज सांगितलं, सासूबाईंचं आजारपण सांगितलं."

"अगं, तुझ्याबद्दल विचारत होते ते."

"मग हे काय शेजारणीचं आहे?"

"कामाचं बोललीस की नाही? चौदा वर्षं मशीनवर काढलीस."

"बोलले ना. आम्ही बाह्या लावायचो म्हटलं. तर म्हणे, आम्ही नको, तुम्ही स्वतः काय करायचात?"

"मग?"

"डावी बाही, म्हटलं. उजवी पलीकडची बाई लावायची."

"आई, डावी येते त्याला उजवी येतेच."

"येत असेल. कधी लावली नाही. तुमच्यात काय कमी आहे विचारलं, तेव्हा तेच सांगून टाकलं."



"शेवटी काय म्हणाले?"

"फोन करून कळवतो म्हणाले."

"नंबर नीट सांगितलास ना?"

"मागितलाच नाही त्यांनी."