नऊ नंबरची जोडी

नाय, ती जोडी नको, दादा — ती गळते. ही आठ नंबरची बघा, घाला तरी. नाय चढत? मग बसा बांधावर, इथनं पण फोटो छान येतो. अनवाणी? अनवाणी नाय सोडत मी, टाचेला पट्टी हाय तुमच्या, मघाशीच बघितली. पाहुण्यांना गमबूट घालूनच चिखलात उतरवायचं, असा रिसॉर्टचा नियम हाय — आणि त्या भातलावणी करणाऱ्या बाया? त्या पाहुण्या थोड्याच हायत! तसं त्यांना बूट घालून जमत पण नाय, पाय रुतून बसतो, तेही खरंच.

काय होतं म्हणता चिखलानं? पिढ्या गेल्या आमच्या यात. हे शेत आमचंच, आता रिसॉर्टला भाड्यानं दिलंय — आमच्या ह्यांना दर लावणीला बोटांच्या बेचक्यात चिखल्या व्हायच्या, मेंदीचा पाला वाटून लावायचे, झालं. वर साखरेचा आजार. दवाखान्याची आशाताई म्हणाली, काकू, यंदा बूट घालायला लावा, पाण्यात काहीतरी नवीनच आलंय. मी कर्जतहून आणले. तर ह्यांनी काय करावं? रोपांच्या राबातल्या बुजगावण्याला चढवले! म्हणे, शेत म्हणजे लक्ष्मी, तिच्या अंगावर वहाण घालून जाऊ? — हे बुवा घालतील, त्यांना कुठं पाप लागतंय! सगळी आळी हसली. मी पण.

मग ताप आला. खोकला. टीबी म्हणाले, गोळ्या चालू केल्या — गोळ्या खाऊन माणूस वाळतच गेला, मांडीत पू धरला, तेव्हा कुठं मुंबईला तपासलं. मातीपाण्यातला जंतू म्हणे, जखमेतनं शिरतो. नाव अजून माझ्या जिभेवर बसत नाय. औषध हाय त्यावर, पण वेगळं हाय — वेळेवर कळायला पायजे. रिपोर्ट आला तेव्हा आमी नदीवर दहाव्याला बसलो होतो.

ती जोडी? गळते म्हणाले ना. — नाय गळत. बुजगावण्याच्या पायातनं मीच काढली, धुतली. पाण्यात कधी गेलीच नाय, गळेल कशी?

आणा इकडं. बसा. टाच दाबा खाली — अजून — हां. बसली? त्यांचाही नऊच.

माझ्या पायांकडं काय बघताय? माझं शेत हाय ते. उतरा तुमी. आणि वर आलात की धुऊन तिथंच ठेवा. मला हाक मारू नका.