एकशे चोपन्न पॉइंट आठ

दर गुरुवारी मी बंगळूरच्या मठात जाते. परवा दर्शनाच्या रांगेत माझ्यापुढे बहीण-भाऊ उभे होते.

“अक्का, विमान कंपनीतली तुझी नोकरी माझ्यामुळे हुकली.”

“तुझ्यामुळे कशी रे, वत्सा? उंची माझी कमी पडली. तूच तर तीन वर्षं बुटकी म्हणून चिडवतोयस.”

“कमी नव्हती. काल ऑफिसात तुमच्या भरतीची जुनी फाइल उघडली. मोजणीच्या यंत्रानं एकशे चोपन्न पॉइंट आठ पाठवली होती. अट होती एकशे साडेचोपन्नची.”

“मग यादीत नुसती एकशे चोपन्न कशी?”

“प्रोग्राम मी लिहिला होता. उंची पूर्णांकाच्या खान्यात घातली. तिथं कॉम्प्युटर पॉइंटनंतरचं सरळ कापून टाकतो. मला ठाऊक होतं, पण घाईत तपासलं नाही.”

“आणि मी उंची वाढावी म्हणून दाराच्या चौकटीला लटकत होते!”

“हळू बोल ना. लोक ऐकतायत.”

“म्हणूनच घरी नाही सांगितलंस. इथं मी ओरडणार नाही, होय ना?”

“होय.”

“अशा किती जणी होत्या?”

“तुझ्यासकट एकतीस. आमच्या साहेबांना सांगितलं, तर म्हणाले, जुनं उकरू नकोस.”

“तू काय म्हणालास?”

“मान डोलावली.”

“आता मान वर कर. चल, चपला घाल. बाकीच्या तीस जणींना आज कळवायचं. साहेबांशी मी बोलते.”

“आणि दर्शन?”

“कुठल्या तोंडानं घेणार आहेस?”

दोघं रांगेबाहेर पडली. त्यांची जागा मी बराच वेळ मोकळी ठेवली.