खोटी पेशंट

— नाही म्हणजे नाही, ऋषी. मॅडमले जाऊन विचार, नाही तर तुह्या बापाले नरखेडवरून बोलाव. 'हा पोट्टा अजून दवाखान्यात पाठवण्यालायक नाही' असं मी काल म्हटलं ते म्हटलं. आता पुन्हा एक डाव परीक्षा घे म्हणतो, तर घेते. मी बसते, तू उभा राहा, काउंटरच्या त्या बाजूले. पहिले तोंड उघड. तंबाखूचा खर्रा नाही ना? बरं. कोटाची बटनं लाव. मोबाईल खिशात नाही, तिकडं टेबलावर, उलटा. हं.

आता तू मनात म्हणत असशील, ही कँटीनवाली, चौथीपर्यंत शिकलेली, तर्री-पोहे विकते, हे कोण मले पास-नापास करणारी — म्हण ना, मनात म्हणाले काय जाते. मी नव्हती मागितली ही खुर्ची. तुमच्या फार्मसी कॉलेजच्या प्रमोदिनी मॅडमच आल्या कँटीनमध्ये. म्हणे, रुख्माबाई, माझ्या मुलांना पुस्तक येतं, माणसाशी बोलता येत नाही. तुम्ही खोट्या पेशंट व्हा, औषध न्यायला आल्यासारखं करा, आणि कोणाच्या हातून औषध घ्याल अन् कोणाच्या नाही तेवढं मला सांगा. मी म्हटलं, एवढंच ना, हे तर मी चहा गाळता गाळता सांगीन. तेव्हापासून तुम्ही पोट्टे दवाखान्यात शिकाले जायच्या आधी मी बिमार पडते. कधी मलेरिया, कधी दमा, एकदा तर मॅडमनं मले गरोदर केलं — या वयात. कँटीनमध्ये जो येईल तो पेढे मागे. सारे पोट खुपेपर्यंत हासले.

अन् काल मले खरूज होती. काय केलं तू? व्हरांड्यात लाईन लागलेली, अन् तू इथून बोंबलला — 'ओ मावशी, खरजेची ट्यूब तुमचीच ना?' पोट्टे फिदीफिदी हासले, तू बी हासला. आता मले माहीत ना, मले खरूज-बिरूज काही नाही. तरी माहे हात पदराखाली गेले. आपोआप गेले गा. खरूज खोटी होती, लाज काही खोटी नव्हती. तुह्या वर्गातली ती भैरवी पाह्य — काउंटर सोडून माह्याजवळ आली, हळूच सांगितलं, मंग म्हणे, 'मावशी, आता तुम्ही मला सांगा, कशी लावाल.' तिच्या हातून मी जहर बी घेईन. सोमवारी ते सारे दवाखान्यात जातील अन् तू इथंच बरण्या पुसशील. मले काय हौस आहे?

औषध लिहून देलं म्हणजे पोटात गेलं असं नसते, बापू. आमच्या सक्करदऱ्यात एक बाई आहे, माह्या घराशेजारी. तिले हासलं का, शिंक आली का, लघवी सुटते. लेकरं झाल्यावर होते असं बायकांले, सांगत कोणी नाही. हिनं बी नाही सांगितलं — मंग एक दिवस हिंमत करून डॉक्टरीणबाईकडं गेली, गोळ्या लिहून आणल्या, औषधाच्या दुकानात गेली. तिथं तुह्यासारखाच शिकाऊ पोट्टा. मांगच्याले ओरडून विचारते, 'अबे, लघवी सुटते त्याची गोळी कुठं ठेवली?' अन् त्या बाईच्या मांगं कोण उभं, तर गल्लीतले आनंदराव. झालं. ती बाई गोळ्या तिथंच सोडून आली. पुन्हा गेलीच नाही. लग्नात जात नाही, भिशीत जात नाही, कोणी गंमत सांगाले लागलं का उठून जाते. मोठी हासरी बाई होती गा. आता त्या पेढ्याच्या दिवशी बी सारे हासून राहिले होते, अन् मी आपली भांडे घासाचं निमित्त करून मोरीवर —

ती. ती बाई म्हणते मी.

काहून, कुठं चालला? — दार काहून लावलं? बाहेर पोट्टे आहेत म्हणून. हं. अन् स्टूल इकडं काहून आणून राहिला, काउंटर सोडून? — काय? जरा मोठ्यानं बोल, काल तर व्हरांड्यात ऐकू जात होता. — असं? व्यायाम बी असते त्याचा? बसल्या बसल्या? मंग डॉक्टरीणबाई बोलली काहून नाही. — हो, विचारलं असतं तर बोलली असती, बरोबर आहे. जुन्या चिठ्ठीवर नाही घ्याचं, पुन्हा दाखवाचं. बरं. सांगते तिले.

अन् तू बी 'त्यांना सांगा'च म्हणून राहिला. 'त्यांना सांगा, लाजण्यासारखं काही नाही, पुष्कळ बायकांना होते.' 'तुम्ही' नाही म्हटलं एकदा बी. कोणी शिकवलं तुले हे? मॅडमनं तर नाही.

पाहू नको असा माह्याकडं. ऊठ. मॅडमले सांगते मी — घेईन म्हणा याच्या हातून. बापाले फोन लाव, पण गेटबाहेर जाऊन, अन् त्या खुशीत खर्रा नको खाऊ. दार आपल्यापुरतं उघड, अन् गेला का लावून घे, मले जरा बसू दे. अन् हे पाह्य — पोट्टे विचारतील, आज मावशीले काय झालं होतं, एवढा वेळ? तर सांगजो, कालचीच खरूज. बरी होऊन राहिली म्हणा.

जाय.