नवरदेवाची सुरी

फलटणच्या एसटी स्टँडवर हरणाबाईंनी शेजारच्या बाकाकडं कान लावला. नानासो भाचीला आलेलं स्थळ पारखत होते. पुढ्यात पोराचा बाप, सुऱ्यांचा कारखानदार.

"आवं, पर धंदा टिकंल का?"

"आमची सुरी तीन पिढ्या झिजत न्हाई."

"मग गिऱ्हाईक परत येतंय कवा?"

"येतच न्हाई! पर लग्नात नवरदेवाच्या हातात लिंबू टोचलेली सुरी लागतीच की. लग्नं होत्यात, तवर आमाला मरान न्हाई."

"हल्ली पोरांस्नी पोरी कुठं मिळत्यात?"

"म्हनून तर आलोय! तुमी व्हय म्हना, एक लगीन वाढलं."

"बरं, मग पोरासाठी नवी सुरी कवा घडवताय?"

"छ्या! नवी कशापायी? माझ्या आज्ज्यानं बोहल्यावर धरलेली घरात हाय की."