एका ओळीचा फॉर्म

करकचेरीच्या रांगेत एका नर्सच्या पुढे दोघं बहीणभाऊ उभे होते आणि नर्सनं कितीही ठरवलं तरी त्यांचं बोलणं कानावर येतच होतं.

"अक्का, सगळ्यांना एकच दर लावावा. शंभराला दहा. विषय संपला."

"वॉचमनलाही दहा आणि डॉक्टरलाही दहा?"

"टक्का सारखाच ना!"

"टक्का सारखा, पोट सारखं नाही रे. कुलपं दुरुस्त करतोस ना तू? सगळ्यांना एकच किल्ली देतोस का?"

"बरं, गरिबाला सोडा. पण फॉर्म एका ओळीचा करा. कमाई लिहायची, दहावा हिस्सा भरायचा, घरी जायचं."

"आणि सवलती? पोरीच्या औषधांवर इतकी वर्षं घेत होतास, त्याच ना?"

"नको मला सवलत. एवढे रकाने कशाला लागतात यांना? घरात कोण, आजारी कोण, पदरात किती माणसं. यांना काय करायचंय?"

"हळू बोल. लोक बघतायत."

"बघू देत."

"नंबर एक्केचाळीस!" खिडकीतून पुकारा झाला.

"चल, आपला आला. आण तो फॉर्म... अरे, हा रकाना कोराच? अवलंबून असणाऱ्या व्यक्ती. गेल्या वर्षी दोन लिहिलं होतंस, बायको आणि पोरगी."

त्यानं तिच्या हातातला फॉर्म दुमडला.

"लिहावं तर लागेल, रे."

"तू लिही, अक्का. माझ्याच्यानं दोनाचं एक लिहवत नाही."

अक्का पिशवीत पेन शोधत राहिली. सापडेना. नर्सनं न बोलता आपलं पुढे केलं.