निळं टोपण

(समुद्रतळाच्या गाळाचे नमुने ठेवायची थंड खोली. टेबलावर उभी चिरलेली एक लांब नळी. दोन्ही बाजूंना सासरे आणि सून.)

सासरे : थांब, थांब. ही नळी मला काही पटत नाही.

सून : अजून अर्धीसुद्धा पाहिली नाही तुम्ही, बाबा. आधी हा कोट घाला बघू. काकडायला होतं इथे.

सासरे : मला नाही वाजत थंडी. सगळी नोकरी याच खोलीत गेली. राहू दे तुझ्याच अंगावर. बाह्या तेवढ्या दुमड, चिखलात लोळतायत.

सून : दोन घड्या घातल्या तरी पुरत नाहीत. तुमच्या लेकाचा कोट हा, त्याचे हात म्हणजे...

सासरे : उंचीला आईवर गेला होता. बरं, इकडे बघ. फिकट थर कुठले?

सून : परीक्षा घेताय? उबदार काळातले. बारीक शिंपल्यांचा चुरा जास्त. गडद ते हिमयुगातले.

सासरे : मग खालून वर वाचत ये. जुन्याकडून नव्याकडे.

सून : खाली गडद... मग हळूहळू फिकट... अजून फिकट... आणि वर एकदम गडद. पुढे पुन्हा तसंच.

सासरे : म्हणजे पृथ्वी रमतगमत तापली आणि धाडकन गोठली. बसतं का हे कशात?

सून : नाही बसत. उलट व्हायला हवं.

सासरे : का?

सून : अहो, तुम्हीच तर शिकवलंत. पृथ्वीची सूर्याभोवतीची वाट कधी गोल होते, कधी लांबट. आस थोडी कलते, भोवऱ्यासारखी डोलते. तेवढ्याने उन्हाळ्यातलं ऊन जरासं कमी-जास्त होतं. कमी झालं की बर्फ साचत जातो, हजारो वर्षं, थरावर थर.

सासरे : आणि वितळतो कसा?

सून : भराभर. ऊन नुसता धक्का देतं. मग समुद्र इतका काळ पोटात ठेवलेला कार्बन हवेत सोडतो, त्याने ऊब वाढते, ऊब वाढली की आणखी कार्बन सुटतो... अगं बाई! नळी उलटी आहे.

सासरे : चला, उजाडलं! निळं टोपण वरच्या टोकाला लावायचं, पांढरं खालच्या. जहाजावर टोपणं कुणी लावली?

सून : मीच.

सासरे : तू? दुसऱ्यांच्या चुका काढण्यात तुझा हात कोणी धरू शकत नाही! लक्ष कुठे होतं?

सून : बोलत होते.

सासरे : कुणाशी?

सून : नळ्या वर ओढणारं यंत्र चालवतो ना, त्याच्याशी. सगळे लंबू म्हणतात त्याला.

सासरे : बोलता बोलता टोपण चुकलं?

सून : हसत होते, खरं तर.

सासरे : हं. सफरीवरून आल्यापासून गुणगुणतेस. मला वाटलं माझेच कान वाजतायत.

सून : बाबा, त्याने लग्नाचं विचारलंय. मी अजून हो म्हटलेलं नाही. तुम्हाला कसं सांगू तेच कळेना. बंदराच्या गावी राहायला जावं लागेल, तुम्ही इथे एकटे पडाल... आणि माझी मलाच लाज वाटते. तुमच्या लेकाला जाऊन इतकी वर्षं झाली, वाटायचं, आत काही उरलंच नाही. आणि एका सफरीत, एवढ्याशा बोलण्यावरून... इतकं पटकन कसं होतं माणसाचं?

सासरे : नळी फिरव.

सून : आत्ता?

सासरे : आत्ताच. धर ते टोक. सांभाळून, चिखल हलेल. हं. टोपणं बदल. आता वाच खालून.

सून : फिकट... मग हळूहळू गडद... किती वेळ गडदच... आणि मग एकदम फिकट.

सासरे : बघ. थंडी साचत साचत येते. ऊब येते ती अशीच, एकदम. यात लाजायचं काय? रडू नकोस, नमुना खराब होईल.

सून : तुम्हाला वाईट वाटलं ना?

सासरे : वाटलं. खोटं कशाला बोलू? पण तू जन्मभर अशी गोठून राहिली असतीस तर मला तोंड दाखवायला जागा उरली नसती. तो माझा मुलगा होता, आणि तू काय शेजाऱ्यांची आहेस?

सून : मग त्याला काय कळवू?

सासरे : हो म्हणून कळव. आणि म्हणावं, ही टोपणं लावत असली की गप्प बस.

सून : बाबा!

सासरे : जा, बाहेर जाऊन फोन कर, इथे रेंज नसते. बाहेर छान ऊन पडलंय. तो कोट काढ, दे इकडे.

सून : हा? तुम्हाला तर इथे थंडी वाजत नाही.

सासरे : आज वाजतेय.